एन्सेलाडसचे फवारे मोजा: बर्फाळ चंद्रांच्या संशोधनाचा पहिला प्रकल्प

बर्फाळ चंद्रांच्या अभ्यासाला निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल, युरोपचं ज्यूस यान जुलै २०३१ मध्ये. आज बीएस्सीला असलेल्यांची पीएचडी तेव्हा ऐन भरात असेल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, कुठलीही पदवी चालते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र आत्ताच शिकून घ्या. सरावाला शनीभोवती २००४ ते २०१७ फिरलेल्या कॅसिनी यानाचा डेटा आहे, तोही फुकट. सुरुवात शनीच्या एन्सेलाडस या चंद्रापासून करा. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, पण दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून आतल्या समुद्राचं पाणी थेट अवकाशात उडतं. हा फवारा कधी जास्त उजळतो, ते आपण मोजू.

नासाच्या संग्रहातल्या ‘ओपस’ शोधपानावर एन्सेलाडस आणि आयएसएस (कॅसिनीवरचा) कॅमेरा निवडा, फेज अँगल, म्हणजे सूर्य-चंद्र-यान यांच्यातला कोन, १५० ते १७० अंश ठेवा. कमी कोनाच्या प्रतिमा देखण्या असतात, पण त्यांत फवारा जवळजवळ दिसतच नाही. त्याचे कण मायक्रॉनएवढे बारीक. ते प्रकाश पुढच्या दिशेनं फेकतात, म्हणून सूर्य जवळपास समोर असावा लागतो.

जेपीजी फक्त बघण्यापुरती. तिच्यातला उजेड कमीजास्त केलेला असतो, त्यामुळे मोजमापासाठी कॅलिब्रेटेड, म्हणजे उजेडाचे खरे आकडे असलेली फाइलच उतरवा. ‘एन’ने सुरू होणाऱ्या फाइली अरुंद कोनाच्या कॅमेऱ्याच्या: एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रोरेडियन, म्हणजे १ लाख किलोमीटरवरून ०.६ किलोमीटर. चंद्राची कडा शोधा, तिच्यापासून ठरावीक उंचीवर पट्टी घ्या आणि उजेडाची बेरीज करा. त्याच उंचीवरचा, फवाऱ्याच्या दोन्ही बाजूंचा रिकामा भाग मोजून वजा करायला विसरू नका, नाहीतर शनीच्या ई-कड्याचा (बारीक कणांच्या पसरट कड्याचा) उजेडही फवाऱ्यातच धरला जाईल.

आता प्रत्येक प्रतिमेच्या वेळी चंद्र कक्षेत कुठे होता, ते ‘स्पाइस’ फाइलींतून (यान आणि चंद्रांची स्थानं नोंदवणाऱ्या नासाच्या फाइली) काढा आणि त्यासमोर उजेडाचा आलेख मांडा. एक फेरी साधारण ३३ तासांची. चंद्र शनीपासून सर्वांत दूर असतो त्या सुमारास भेगा ताणल्या जातात आणि आलेखात शिखर यायला हवं. आलं नाही, तर बहुधा वेगवेगळे फिल्टर किंवा फेज अँगल एकत्र झालेत. एकाच फिल्टरच्या आणि फेज अँगलमध्ये दोन-तीन अंशांहून जास्त फरक नसलेल्या प्रतिमाच शेजारी ठेवा.

हे जमलं की रसायनाकडे वळा. फवाऱ्यात हायड्रोजन असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं, बर्फकणांत फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये. दोन्हींतून जीवसृष्टीला लागणारी सामग्री दिसते, जीवसृष्टी नव्हे. अहवालात हा फरक स्पष्ट लिहा. तिथलं पाणी सोडायुक्त, अल्कधर्मी आहे. त्यातला कॅल्शियम हा कार्बोनेटात अडकून पडतो आणि फॉस्फेट पाण्यात मोकळं राहतं. अशा पाण्याचा अभ्यास बुलढाण्यातल्या लोणारला करता येतो. ते अभयारण्य आहे, त्यामुळे आधी वनविभागाची परवानगी काढा. पीएच आणि तापमान काठावरच मोजा, बाटली काठोकाठ भरा: आत हवा राहिली, तर कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण होऊन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पीएच बदललेला असतो.