आउटबोर्डचे पितळ घासण्याआधी

जुने आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन हाती आले की पहिला हात पितळेच्या पॉलिशकडे जातो. तो आवरा. मॉडेल आणि नंबर बहुधा पितळी पाटीवर असतात, आणि तिथले उथळ ठसे बफच्या चाकाखाली मिनिटभरात सपाट होतात. आधी पाटीचे आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) कडेचे तिरक्या उजेडात फोटो काढा. अंक पुसट असतील तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवा. पाटीवरची पेटंटची तारीख म्हणजे इंजिनाचे वर्ष नव्हे; इंजिन त्याच्या आधीचे नाही, एवढेच ती सांगते.

ओल इव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ साली विकायला आणलेले रो-बोट मोटर (वल्ह्याच्या होडीचे) एका सिलिंडरचे, दीड अश्वशक्तीचे, वजन ६२ पौंड. वर आडवे, उघडे फ्लायव्हील आणि ते फिरवायला मूठ. समोरासमोर दोन सिलिंडर, भरपूर अ‍ॅल्युमिनियम आणि उचलायला हलके असेल, तर १९२० नंतरचे एल्टो किंवा जॉन्सन कंपनीचे असण्याची शक्यता धरा. जॉन्सनचे लाइट ट्विन जेमतेम ३५ पौंडांचे होते.

आता पितळ. चांदीसारख्या थराखालून पिवळे डोकावत असेल तर तो निकेलचा मुलामा आहे. त्याला साबण-पाण्यापलीकडे काही लावू नका. उघड्या पितळेवरचे ग्रीस रॉकेलने काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून भाग दहा मिनिटे बुडवा, ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात विसळा आणि लगेच कोरडा करा. चिंचही चालते, पण मीठ नको. सांध्यात राहिलेले मीठ पितळ पुन्हा कळकवते. अमोनिया असलेले पॉलिश तर नकोच. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना चिरा पडत, त्या जनावरांच्या मुतातल्या अमोनियाने. ठोकून घडवलेल्या पितळी पत्र्याच्या टाकीचेही तेच होते.

अ‍ॅसिडमधून काढल्यावर भाग गुलाबी दिसला तर घाबरू नका, ओल्या खडूच्या पुडीने घासून पाहा. रंग गेला तर तो वरवरचा तांब्याचा थर. सुईने ओरखडल्यावरही आत गुलाबीच निघाला आणि टिचकीला आवाज बद्द आला, तर खाऱ्या पाण्याने जस्त खाल्ले आहे. अशा भागाचे आटे पान्याखाली चुरतात. तो बदलायचा, डाग (सोल्डर) देऊन टिकत नाही.

टाकीला डाग द्यायचा असेल तर आधी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सांध्याखालपर्यंत पाणी भरूनच काम करा. वर्षानुवर्षे रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ज्योतीने टाकी फुटते. ज्योत शक्यतो टाळा, जाड डोक्याची कावी (डाग देण्याचे तापवायचे हत्यार) वापरा.

कार्बोरेटरमधला बुचाचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) लाखेच्या लेपाचा असतो. पेट्रोलमधले इथेनॉल ती लाख विरघळवते, बूच पेट्रोल पिते, जड होऊन बुडते आणि इंजिन गळू लागते. फ्लोट आठवडाभर सुकवून त्यावर झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे दोन पातळ हात द्या. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळाले तर उत्तमच.

पिस्टन जाम असेल तर प्लगच्या भोकातून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल निम्मे-निम्मे ओतून चार-पाच दिवस थांबा. हातोडा मारू नका, पिस्टनचे डोके तडकते. घाईने फ्लायव्हीलला लांब पाना लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

खालच्या गिअरच्या डब्यात त्या काळी ग्रीस भरत. शाफ्टला सील नसल्याने पातळ तेल तिथे राहत नाही.

चालवताना एक भाग तेलाला १६ भाग पेट्रोल घाला. आजच्या टू-स्ट्रोक इंजिनांचे ५० ला १ हे प्रमाण इथे ब्राँझची बेअरिंग जाळेल. इंजिन कोरडे चालवू नका. पिंपात लावून पंप पूर्ण बुडेल इतके पाणी भरा आणि थंड करणारे पाणी वरच्या नळीतून मिनिटभरात आले नाही तर लगेच बंद करा. बहुतेकदा पंपाच्या झडपेत जुने ग्रीस नाहीतर कचरा अडकलेला असतो.