हा डीएनए नक्की कुणाचा? समुद्री जीवांच्या जीनोमवर काम करताना या चुका टाळा

मे महिन्यात, प्रोजेक्ट सबमिशनच्या ऐन घाईत, एमएस्सीची एक विद्यार्थिनी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे आली. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्रफुलाचा (सी ॲनिमोनचा) डीएनए तिने वाचून घेतला होता. असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला डीएनए, अपेक्षेच्या जवळजवळ तिप्पट भरत होती. "मॅडम, या प्राण्यात जनुकं दुप्पट-तिप्पट झाली असतील का?" असं तिने विचारलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि मला सांगणं जड गेलं. तिने अख्खं समुद्रफूल कुटून त्यातून डीएनए काढला होता. त्याच्या पेशींत राहणारं शैवाल, अंगावरच्या चिकट थरातले जीवाणू आणि पोटातलं आदल्या दिवशीचं जेवण, सगळं एकाच ट्यूबमध्ये.

ही चूक इतकी सहज का होते, ते आकडे सांगतात. समुद्रफुलाच्याच नात्यातल्या अक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, सुमारे 42 कोटी अक्षरांचा आहे. प्रवाळांच्या आत राहणाऱ्या शैवालांपैकी ब्रेव्हिओलम मिनुटमचा अंदाजे 150 कोटींचा. म्हणजे पाहुण्याचं सामान यजमानाच्या साडेतीन पट! शैवालाच्या पेशी थोड्या असल्या तरी ट्यूबमध्ये त्यांचा डीएनए भरपूर येतो. नंतर संगणकावर जीसीच्या, म्हणजे डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांच्या, प्रमाणावरून रीड्स (वाचलेले तुकडे) वेगळे करू, असं मुलं म्हणतात. बरेच जीवाणू त्याने बाजूला पडतात. शैवाल आणि प्रवाळ यांच्या जीसीत मात्र काही टक्क्यांचाच फरक असतो, तिथे ही चाळणी पुरत नाही. कव्हरेज (एखादा भाग किती वेळा वाचला गेला ते) आणि ज्ञात जनुकांशी जुळणी, दोन्ही सोबत बघावीच लागतात.

खरा उपाय प्राण्याच्या जीवनचक्रातच आहे. 2011 मध्ये अक्रोपोराचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा डीएनए घेतला होता शुक्राणूंमधून, कारण शुक्राणूंत शैवाल नसतं. अंड्यांबाबत मात्र सरसकट तसं धरून चालू नका. अक्रोपोराची अंडी शैवालाविना बाहेर पडतात, पण माँटिपोरा आपल्या अंड्यांत शैवालाची शिदोरी बांधून देते. आपला प्राणी यांतला कुठला, हे नमुना घेण्याआधी शोधा.

एलिसिया क्लोरोटिका या हिरव्या समुद्री गोगलगायीची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. ती शैवाल खाते आणि त्यातली हरितलवकं महिनोन्‌महिने अंगात कामाला लावते. 2008 मध्ये असं मांडलं गेलं की शैवालाचं एक जनुकच गोगलगायीच्या डीएनएत शिरलं आहे. कल्पना इतकी देखणी की सगळ्यांना ती खरी व्हावीशी वाटली. 2013 मध्ये गोगलगायीच्या अंड्यांमधला डीएनए वाचला गेला. अंड्यांत हरितलवकं नसतात. शैवालाची जनुकं तिथे स्थायिक झाल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. तुम्हाला परकं जनुक सापडलं, तर त्याच तुकड्यावर शेजारी प्राण्याचं स्वतःचं जनुक आहे का, हे आधी तपासा.

आता उलटी चूक. जीवाणूंचे रीड्स दिसले की कचरा म्हणून पुसून टाकायचे. 2010 मध्ये हायड्राचा जीनोम आला तेव्हा सोबत कर्व्हिबॅक्टर या जीवाणूचाही जीनोम हाती लागला, आणि तो हायड्राचा कायमचा सोबती निघाला. हायड्रा गोड्या पाण्यातला, पण प्रवाळांचाच भाऊबंद. आगरकर संशोधन संस्थेत ज्यावर काम झालं त्या एका वाणाच्या नावात तर पुणे आहे. वेगळे काढलेले रीड्स वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

आरएनए वाचताना पॉली-ए शेपटी (आरएनएच्या टोकाची ए अक्षरांची माळ) पकडणारं किट वापरलं की जीवाणूंचा बहुतेक आरएनए गळतो, शैवालाचा राहतो. प्रवाळांत राहणाऱ्या या शैवालांच्या आरएनएच्या सुरुवातीला 22 अक्षरांचा ठरावीक तुकडा जोडलेला असतो. तो दिसला की ओळख पटली.

"जनुक सापडलं नाही, म्हणजे ते काम सहजीवी करत असणार" हे वाक्य लिहिण्याआधी थांबा (सहजीवी म्हणजे प्राण्यासोबत राहणारं शैवाल किंवा जीवाणू). अक्रोपोरात सिस्टीन हे अमिनो आम्ल बनवण्याच्या नेहमीच्या वाटेवरचं एक जनुक 2011 मध्ये सापडलं नाही, आणि प्रवाळ त्यासाठी शैवालावर अवलंबून असावं असा तर्क झाला. 2022 मध्ये प्रवाळांत सिस्टीन बनवण्याची दुसरीच वाट सापडली. एक जनुक नसणं आणि ती क्षमताच नसणं यांत फार अंतर आहे.

वाढीच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त घोळ घालतं घड्याळ. "24 तासांची अळी" ही अवस्था नव्हे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी त्याच खोलीत अळ्यांची वाढ वेगवेगळ्या वेगाने होते. मग जनुकांच्या पातळीत दिसलेला फरक सहजीवनाचा की वयाचा, हे कसं सांगणार? तासांसोबत तापमान लिहा, अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवा, फोटो ठेवा. त्यातही एक मेख आहे. हवाईच्या बॉबटेल स्क्विडमध्ये, म्हणजे आपल्या माकुळाच्या नातलगात, चमकणारे जीवाणू शिरल्यावर त्यांना गोळा करणारे प्रकाश-अवयवाचे केसाळ हात साधारण चार दिवसांत झडतात. जीवाणू मिळालेच नाहीत तर ते तसेच राहतात. इथे जीवाणू वाढीलाच दिशा देतात, त्यामुळे जीवाणू मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट एकाच अवस्थेत पकडण्याचा अट्टहास करू नका. वेळेनुसार दोन्हींची मालिका घ्या.

बाकी थोडक्यात. प्राण्याला डीएनए काढण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर आर्टेमियाचा, म्हणजे खाद्य म्हणून दिलेल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाचा, जीनोम वाचाल. नमुना जपायचं अल्कोहोल नमुन्याच्या निदान पाचपट घ्या आणि दुसऱ्या दिवशी बदला. आरएनए हवा असेल तर नमुना किनाऱ्यावरच योग्य द्रावणात टाका, ताम्हिणी घाट चढून पुण्यात येईपर्यंत उशीर झालेला असतो. किटमध्येही जीवाणूंचा डीएनए असतो, म्हणून नमुना न घातलेली एक ट्यूब शेवटपर्यंत सोबत चालवा. आणि प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत; परवानगीशिवाय किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका.

त्या मुलीने सबमिशनची तारीख पुढे घेतली. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: सहा समुद्रफुलं उपाशी बसली आहेत आणि सातव्या ट्यूबवर तिने "कोरी" असं लिहिलंय.