अवकाश स्थानक दिसलंच नाही? कोल्हापूरच्या गच्चीवरून बघताना या चुका टाळा

नोव्हेंबरातली संध्याकाळ. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर अकरा माणसं जमली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू तर भाकरीचं पीठ परातीत तसंच झाकून वर आलेल्या. ॲपमध्ये लिहिलं होतं : ७ वाजून ८ मिनिटांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बरोबर डोक्यावर. सगळे माना वर करून उभे, आणि डोक्यावर काहीच येईना. "आलंच न्हाई की!" म्हणत काकू जिन्याकडे वळल्या आणि तेवढ्यात शेजारचा पोरगा ओरडला, "त्ये बघा, तिकडं, जोतिबाच्या अंगाला!" शुक्राच्या चांदणीसारखा ठसठशीत ठिपका वायव्येकडून ईशान्येकडे चालला होता. निम्म्या लोकांना तो सापडेपर्यंत विझलासुद्धा.

ॲपमध्ये ठिकाण मुंबई राहिलं होतं. एवढीच चूक, पण तिनं सगळी संध्याकाळ घालवली. त्यानंतर मी शेजारपाजारच्या बऱ्याच जणांना हे बघायला शिकवलं. "दिसलं नाही" म्हणून परत आलेल्या प्रत्येकाचं घोडं अडतं ते ठिकाण, वेळ आणि दिशा या तिघांतच कुठंतरी.

ठिकाण आधी तपासा

मुंबई इथून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून जातं. म्हणजे उंची आणि अंतर जवळपास सारख्याच मापाचं. त्यामुळे मुंबईच्या डोक्यावर असलेलं स्थानक कोल्हापुरातून वायव्येला, पन्नास-पंचावन्न अंशांवर दिसतं. फोनचं लोकेशन बंद असेल तर बरीच ॲप आधी भरलेलं शहरच धरून चालतात. स्वतः आकडे टाका : अक्षांश १६.७० उत्तर, रेखांश ७४.२४ पूर्व. शहरात तुम्ही कुठल्याही पेठेत असा, एवढं पुरतं.

'हेवन्स-अबव्ह' किंवा नासाचं 'स्पॉट द स्टेशन', दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही चांगली. मात्र पंधरा दिवसांपूर्वी काढून ठेवलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका. स्थानकाची उंची मधूनमधून इंजिनं चालवून वाढवतात, त्यामुळे वेळा सरकतात. आदल्या दिवशी पुन्हा बघा.

वेळ : मध्यरात्री जागू नका

"रात्री बारापर्यंत बसलो, काही नाही" असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. बाराला दिसणारच नाही. स्थानकाला स्वतःचा उजेड नाही, त्याच्या सौरपंखांवर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. आपल्याकडे अंधार आणि वर अजून ऊन, अशी वेळ कोल्हापुरात सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत असते. पहाटे सूर्योदयाआधी तेवढीच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसहा ते साडेसात हा आपला वेळ.

सकाळ-संध्याकाळची गल्लतही फार होते. ५:४२ पाहून माणूस संध्याकाळी गच्चीवर जातो, वेळ असते पहाटेची. काही ठिकाणी वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. शिवाय स्थानक काही दिवस संध्याकाळी दिसतं, मग काही दिवस पहाटे, आणि मध्ये काही दिवस दिसतच नाही. यादी रिकामी दिसली म्हणून ॲप बिघडलं असं समजू नका.

दहा मिनिटं आधी वर जा आणि फोन खिशात टाका. चांगली फेरीसुद्धा नीट दिसते ती जेमतेम सहा मिनिटं, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग आहे तो. दीड तासानं ते पृथ्वीची फेरी पुरी करतं खरं, पण तोवर पृथ्वी फिरून त्याची वाट पश्चिमेला सरकलेली असते आणि आपल्यावरचं आकाश सावलीत गेलेलं असतं. कोल्हापुरातून एका संध्याकाळी सहसा एकच चांगलं दर्शन होतं.

सूर्य मावळला तिकडे पश्चिम नव्हे

ही चूक जाणत्या माणसांचीही होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण ती ठरावीक दिवशीच येतात, कारण सूर्य रोज एका जागी मावळत नाही. नोव्हेंबरच्या किरणोत्सवात तो खऱ्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो, डिसेंबरअखेर २४ अंशांच्या वर, आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. डिसेंबरात मावळतीला पश्चिम धरून तुम्ही नैर्ऋत्य शोधायला गेलात तर जवळजवळ दक्षिणेलाच बघत बसाल.

फोनमधलं होकायंत्र वापरायचं तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा, आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून व गजांपासून चार पावलं लांब जा. लोखंडाजवळ काटा भरकटतो. मला त्याहून भरवशाच्या वाटतात त्या दोन खुणा. एक, गच्चीवरची डीडी फ्री डिशची छत्री. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे कोल्हापुरात तिचं तोंड आग्नेयेकडे असतं. तिच्या मागे उभं राहून ती बघते तिकडे तोंड केलंत की पाठीमागे वायव्य, उजव्या हाताला नैर्ऋत्य, डाव्या हाताला ईशान्य. चारही मिळाल्या.

दुसरी खूण ध्रुवतारा. तो उत्तर दाखवतो आणि उंचीचं मापही देतो, कारण क्षितिजापासून त्याची उंची आपल्या अक्षांशाइतकीच असते, कोल्हापुरात जवळपास १७ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे १० अंश झाकते. दीड मूठ वर ध्रुव, तीन मुठींवर ३० अंश. एकदा हे हातात बसलं की ॲपमधले आकडे आकाशात दिसायला लागतात.

आता स्थानकाची वाट. कोल्हापुरावरून ते एक तर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातं, नाहीतर वायव्येकडून आग्नेयेकडे. पूर्वेकडून पश्चिमेला कधीच जात नाही. उलट दिशेनं जाणारा दिवा पाहिलात तर ते स्थानक नव्हे, एवढं डोळे झाकून सांगता येईल.

कुठली फेरी निवडायची

३० अंशांच्या खालची फेरी नवख्यानं सोडून द्यावी. दहा अंशांवर असताना स्थानक आपल्यापासून सुमारे १,५०० किलोमीटर लांब असतं आणि समोरच्या इमारतीआड जातं ते वेगळंच. प्रतीचा, म्हणजे तेजाचा आकडाही उलटा वाचू नका. उणे ३ म्हणजे झगझगीत, अधिक ३ म्हणजे फिकट. उणे ३ ची फेरी रंकाळ्यावर चौपाटीच्या दिव्यांतूनही दिसते.

पावसाळ्याचं काय करणार? शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत १८ दिवस तिथं होते आणि माझी भाची रोज विचारायची, "आज दिसेल?" आमच्यावर ढगच ढग. कोल्हापुरात ऑक्टोबर ते मे हाच खरा हंगाम.

मध्येच गेलं तर

संध्याकाळी स्थानक पूर्वेच्या बाजूला जाता जाता मंद, किंचित तांबूस होतं आणि काही सेकंदांत दिसेनासं होतं. ढग नाही, नजरचूकही नाही, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. पहाटे उलट, रिकाम्या आकाशात ते अचानक उजळतं, म्हणून पहाटे क्षितिजाकडे डोळे लावून बसू नका.

लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान. रंग नाही पण संथपणे उजळत-मंदावत जाणारं काही दिसलं तर बहुधा गरगरणारा रॉकेटचा रिकामा टप्पा. एका रेषेत मण्यांसारखे ठिपके चालले असतील तर नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह, थोड्या दिवसांत ते पांगतात. दुर्बिणीचा इथं उपयोग नाही, ती वळवेपर्यंत ठिपका पुढे गेलेला असतो.

स्थानक जमलं की हबल दुर्बीण शोधा. १९९० पासून ती वर फिरतेय. तिची कक्षा विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना २८.५ अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे लंडनमध्ये ती क्षितिजावरसुद्धा येत नाही आणि आपल्या मात्र जवळजवळ डोक्यावरून जाते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. उजेड साधारण ध्रुवताऱ्याइतका, म्हणून शहराचे दिवे सोडून पन्हाळ्याच्या वाटेवर कुठंतरी थांबा. आमच्या काकू परवा तयार झाल्यात यायला. भाकरी आधी करून ठेवणार म्हणाल्या.