ब्रॉयलर फार्मचा वास आणि माश्या: या चुका टाळा

पोल्ट्रीविरुद्ध ग्रामपंचायतीत तक्रार जाते ती बहुतेक वेळा वास आणि माश्यांमुळे. मग औषधफवारणी सुरू होते. मूळ मात्र ओल्या लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसाच्या थरात, असतं.

लिटर ओलं होतं ते पक्ष्यांना पाणी देणाऱ्या गळक्या निपलमुळे, पक्षी वाढले तरी पाण्याची लाइन वर न घेतल्यामुळे आणि पावसाळ्यात दिवसभर पडदे पाडून ठेवल्यामुळे. अशा लिटरमध्ये विष्ठेतल्या युरिक ॲसिडपासून अमोनिया तयार होतो. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात, वाढ खुंटते. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून नाकावर विसंबू नका. मूठभर लिटर दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. तेवढा भाग काढून कोरडं तूस टाका, बाकीचं खाली-वर करा, वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा.

इथेच एक चूक सर्रास होते. वास आला की चुना मारतात. चुना ओल शोषतो हे खरं, पण लिटर अल्कधर्मी झालं की अडकलेला अमोनिया आणखी सुटतो. पक्षी आत असताना चुना नकोच. लॉट (पक्ष्यांची तुकडी) विकून गेल्यावर रिकाम्या जमिनीवर मारा.

मेलेले पक्षी ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकणं हा गावाच्या पाण्यावर अन्याय आहे. रोजची किरकोळ मर कंपोस्ट करता येते: खाली फूटभर कोरडं लिटर, त्यावर पक्ष्यांचा एकच थर, भिंतीपासून वीतभर आत, वरून पुन्हा लिटर. आत ५५ अंशांच्या वर उष्णता धरली की कुजणं नीट चाललंय. मर एकाएकी वाढली तर कशालाही हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने बर्ड फ्लूमध्ये काय सोसलं, हे या धंद्यातल्या कुणी विसरू नये.

कोंबडखत उघड्यावर भिजू देऊ नका. नत्र उडून जातं, उरलेलं पाझरून विहिरीत उतरतं. ढीग झाका, कुजवूनच शेतात घाला.

मर दिसली की स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक पाजणंही थांबवा. औषधाचा अंश विष्ठेतून खतात आणि शेतात जातो. कॉलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पोल्ट्रीतल्या वापरावर तर २०१९ पासून बंदी आहे.

शेवटी खाद्य. ब्रॉयलरच्या कार्बन उत्सर्जनातला सर्वात मोठा वाटा मका-सोयाबीनच्या खाद्याचा असतो. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि फीडर काठोकाठ भरू नका, म्हणजे दाणे लिटरमध्ये सांडणार नाहीत.