सॉकेटमधून वाचणं कधी थांबवायचं? या चुका टाळा

कनेक्शन जुळतं, डेटा येतो आणि मग प्रोग्राम जागच्या जागी थबकतो. एरर नाही, सीपीयूही शांत. किंवा नेमकं उलट होतं: प्रोग्राम सुरळीत संपतो, पण आलेलं जेसन (मजकूर रूपात लिहिलेला डेटा) मधेच तुटलेलं असतं, आणि तेही दर वेळी नाही, अधूनमधून. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. मेसेज कुठे संपला हे सॉकेटच (प्रोग्राम ज्यातून नेटवर्कवर डेटा पाठवतो आणि घेतो ते टोक) सांगेल, अशा भरवशावर कोड लिहिलेला असतो. सॉकेटला ते माहीत नसतं.

टीसीपी, म्हणजे नेटवर्कवर डेटा पोचवणारा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम), ही बाइट्सची सलग धार आहे. 1981 च्या आरएफसी 793 (इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) मध्येही तसंच होतं आणि 2022 मध्ये त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी 9293 मध्येही तसंच आहे. पलीकडच्याने तीनदा सेंड केलं, तरी ते सगळं तुमच्याकडे एकाच रिसीव्हमध्ये (एकदा वाचण्यात) येऊ शकतं. एका सेंडचे पाच तुकडे होऊनही येऊ शकतात. मेसेजची हद्द फक्त प्रोटोकॉल ठरवतो. म्हणून वाचण्याचा लूप लिहायच्या आधी एक वाक्य कागदावर उतरवा: 'हा मेसेज अमुक झालं की संपतो.' ते वाक्य लिहिता येत नसेल, तर लूपही बरोबर लिहिता येणार नाही.

कमी बाइट आले म्हणजे संपलं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. बफर (आलेला डेटा ठेवायची जागा) 4096 बाइट्सचा, आणि लूपची अट अशी: पूर्ण 4096 मिळतायत तोवर वाचत राहा, कमी मिळाले की थांबा.

समजा उत्तर 10,000 बाइट्सचं आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असतो 4096, 4096 आणि 1808. पण इथरनेटवर एका सेगमेंटमध्ये (टीसीपीच्या एका तुकड्यात) साधारण 1460 बाइट्स मावतात. पहिला सेगमेंट येताक्षणी रिसीव्ह तेवढेच 1460 हातात देऊ शकतो. अट मोडते, लूप थांबतो आणि उरलेले 8540 बाइट्स तसेच राहतात. आता उत्तर नेमकं 8192 बाइट्सचं आहे असं धरा. दोन्ही वेळा बफर पूर्ण भरला, म्हणून लूप तिसऱ्यांदा वाचायला जातो. तिथे काही नाही आणि कनेक्शन अजून उघडंच आहे. प्रोग्राम हँग. एकच अट, पण एकदा लवकर थांबते आणि एकदा थांबतच नाही.

'माझ्या मशीनवर तर चालतं' याचं कारणही इथेच आहे. लिनक्सवर लूपबॅक इंटरफेसचा (मशीनने स्वतःशीच बोलायच्या मार्गाचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 65536 बाइट्स असतो, त्यामुळे लोकल चाचणीत लहान मेसेज सहसा अखंडच येतात. खरं नेटवर्क मधे आलं की तुकडे पडू लागतात.

जावातला अव्हेलेबल (लगेच वाचता येणारे बाइट्स सांगणारी मेथड) शून्य झाला की थांबायचं, ही याच चुकीची दुसरी आवृत्ती. तिथला शून्य एवढंच सांगतो की या क्षणी न थांबता वाचण्यासारखं काही नाही. उरलेला डेटा वाटेत असू शकतो.

शून्याचे अर्थ

टीसीपी सॉकेटवर रिसीव्हने शून्य दिला, तर पलीकडच्याने पाठवायची बाजू बंद केली असा अर्थ होतो. पायथनमध्ये याच जागी रिकामे बाइट्स मिळतात, जावाच्या इनपुट स्ट्रीममध्ये उणे एक. नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसताना वाट न पाहणाऱ्या) सॉकेटवर 'सध्या काही नाही' हा निरोप मात्र वेगळा येतो: सी मध्ये रिसीव्ह उणे एक देतो आणि एररनोमध्ये (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या जागेत) ई-अगेन, म्हणजे 'पुन्हा प्रयत्न करा', असतं. या दोघांची गल्लत झाली, की चालू कनेक्शन बंद समजून सोडून दिलं जातं. नाहीतर बंद झालेल्या कनेक्शनवर लूप गरगर फिरतो आणि सीपीयू 100 टक्क्यांवर जातो.

एक सापळा पटकन लक्षात येत नाही. बफरमध्ये उरलेली जागा मोजून तेवढेच बाइट्स मागायचे, ही पद्धत चांगली आहे. पण बफर काठोकाठ भरला, तर तुम्ही शून्य बाइट्स मागता आणि शून्यच परत येतो. कोड समजतो पलीकडचा गेला. वाचायच्या आधी उरलेली जागा तपासा.

कनेक्शन बंद झालं म्हणजे मेसेज पूर्ण

वेबच्या प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्तीत, एचटीटीपी 1.0 मध्ये, उत्तराचा शेवट बहुधा असाच कळायचा. यातली अडचण गंभीर आहे. पाठवणारी प्रोसेस अर्ध्यात कोसळली, तरी ऑपरेटिंग सिस्टीम तिची सॉकेट्स बंद करते, आणि तुम्हाला अनेकदा तोच सभ्य शून्य दिसतो. अर्धी फाइल आणि पूर्ण फाइल यांत फरक उरत नाही. म्हणून अपेक्षित लांबी गाठण्याआधी शून्य आला, तर ती एररच समजा आणि वरच्या कोडला तसं स्पष्ट कळवा.

एचटीटीपी 1.1 मध्ये कनेक्शन मुळातच उघडं ठेवलं जातं. तिथे शून्य येईपर्यंत वाचलं, तर एक ओळखीचं लक्षण दिसतं: उत्तर अगदी बरोबर येतं, पण दर वेळी ठरावीक सेकंद उशिरा. तो उशीर म्हणजे रिकामं कनेक्शन बंद करण्याचा सर्व्हरचा टाइमआउट. इथे शेवट कंटेंट-लेंग्थवरून (बॉडीची, म्हणजे मुख्य मजकुराची, लांबी सांगणाऱ्या हेडरवरून) कळतो, किंवा चंक्ड पद्धतीत, म्हणजे बॉडी तुकड्या-तुकड्यांनी पाठवताना, शून्य लांबीच्या चंकनंतर येणाऱ्या रिकाम्या ओळीवरून. हेड विनंतीच्या (फक्त हेडर मागणाऱ्या) उत्तराला आणि 204 व 304 या स्टेटस क्रमांकांच्या उत्तरांना बॉडी नसते. हेडच्या उत्तरात कंटेंट-लेंग्थ दिसली, तरी बॉडीची वाट पाहायची नाही. हे सगळं स्वतः लिहिण्यापेक्षा चांगली लायब्ररी वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. शेवट कुठे यावर दोन सर्व्हरांचं एकमत नसेल, तर त्या फटीतून रिक्वेस्ट स्मगलिंगचे (एका विनंतीत दुसरी लपवून घुसवण्याचे) हल्ले होतात.

लांबी आधी पाठवली, तरीही

स्वतःचा प्रोटोकॉल असेल, तर आधी 4 बाइट्सची लांबी आणि मग तेवढा मजकूर, ही मला सगळ्यात भरवशाची रचना वाटते. पण ते 4 बाइट्ससुद्धा तुटून येऊ शकतात. म्हणून 'नेमके इतके बाइट्स जमेपर्यंत वाच' असं एकच फंक्शन लिहा आणि लांबी व मजकूर दोन्हींसाठी तेच वापरा. लांबीला वरची मर्यादा घाला, कारण 4 बाइट्समध्ये 4 जीबीच्या जवळपासचा आकडा मावतो, आणि समोरच्याने सांगितली म्हणून तेवढी मेमरी राखून ठेवणं धोक्याचं आहे.

लांबी अक्षरांत नव्हे, बाइट्समध्ये मोजा. 'नमस्ते'मध्ये युनिकोडचे 6 कोडपॉइंट (अक्षरचिन्हांचे क्रमांक) आहेत, पण यूटीएफ-8 (मजकूर बाइट्समध्ये लिहायची पद्धत) मध्ये त्याचे 18 बाइट्स होतात. पाठवणाऱ्याने 6 लिहिलं, तर घेणारा 'नम' वाचून थांबतो आणि उरलेले 12 बाइट्स पुढच्या मेसेजची लांबी म्हणून वाचायला लागतो. शिवाय प्रत्येक रिसीव्हनंतर लगेच डिकोड करू नका. 3 बाइट्सचं अक्षर दोन तुकड्यांत विभागलं गेलं, की डिकोडर तक्रार करतो. आधी मेसेज पूर्ण जमवा.

शेवटची खूण शोधताना

ओळीच्या शेवटाने मेसेज संपत असेल, तर ती खूण फक्त नव्या तुकड्यात शोधू नका. ओळ संपवणाऱ्या दोन बाइट्सपैकी कॅरेज रिटर्न एका रिसीव्हमध्ये आणि लाइन फीड पुढच्यात, असं खुशाल होतं. शोध साठलेल्या बफरमध्ये घ्या. आणि खुणेनंतर जास्तीचे बाइट्स आले असतील, तर ती पुढच्या मेसेजची सुरुवात आहे. ते टाकून दिले, तर पुढचा मेसेज डोकं नसलेला मिळेल.

टाइमआउट हा शेवट नाही

'दोन सेकंद काही आलं नाही, म्हणजे संपलं' हा नियम नेटवर्क मंद झालं की चुकतो, आणि चांगलं असतानाही प्रत्येक मेसेजला दोन सेकंद खातो. टाइमआउट हवाच, पण हार मानण्यासाठी. तो एकेका वाचनावर लावून भागत नाही, कारण थोड्या थोड्या वेळाने एकेक बाइट पाठवणारा तुम्हाला कितीही वेळ अडकवू शकतो. पूर्ण मेसेजला एक अंतिम मुदत ठेवा.

दोघंही वाट पाहतायत

सर्व्हर शून्य येईपर्यंत वाचतो. क्लायंट विनंती पाठवून उत्तराची वाट पाहतो, पण आपली बाजू बंद करत नाही. दोघंही अडकतात. अशा प्रोटोकॉलमध्ये क्लायंटने पाठवून झाल्यावर शटडाउनने फक्त लिहिण्याची बाजू बंद करावी. वाचण्याची बाजू चालू राहते.

अडकलेला प्रोग्राम तपासताना

लिनक्सवर एसएस कमांडमध्ये (चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) त्या कनेक्शनचा रिसीव्ह-क्यू, म्हणजे आलेल्या पण न वाचलेल्या बाइट्सचा साठा, बघा. तिथे बाइट्स साठलेले असतील, तर डेटा आलाय आणि तुमचा कोड वाचत नाहीये. शून्य असेल, तर कोड न आलेल्या डेटाची वाट पाहतोय, म्हणजे थांबण्याची अट चुकली किंवा समोरून पूर्ण पाठवलंच गेलं नाही. यातलं नेमकं कुठलं, ते वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं साधन) बाइट्स मोजले की कळतं.

चाचणीसाठी दोन छोटे पाठवणारे लिहून ठेवा. एकाने पूर्ण मेसेज एकेक बाइट करून, मधे थोडं थांबत पाठवायचा. दुसऱ्याने दोन मेसेज एकाच सेंडमध्ये जोडून पाठवायचे. वरच्या बऱ्याचशा चुका या दोघांसमोर लोकल मशीनवरच उघड्या पडतात.