तीन दिवसांत कोकण किनारा : गावं निवडताना या चुका टाळा

पावसाळा सरून हवेत जरा गारवा आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन हमखास येतो. "शुक्रवारी सकाळी पुण्यातून निघतोय, रविवारी रात्री परत. अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे. होईल ना?" मी एवढंच विचारतो, "गाडीतून उतरणार आहात की नाही?"

यादीतलं एकही गाव वाईट नाही. घात नकाशा करतो. त्यात ही गावं माळेत ओवल्यासारखी एकाखाली एक दिसतात आणि मोबाईल दोन गावांमधलं अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर दाखवतो. त्या पस्तीस किलोमीटरच्या मधोमध खाडी असते, हे तिच्या काठावर जाऊन उभं राहिल्यावर कळतं.

किलोमीटर मोजले, खाड्या मोजल्याच नाहीत

रायगडातून रत्नागिरीकडे किनाऱ्याकिनाऱ्यानं निघालात तर चार मोठ्या खाड्या आडव्या येतात. आगरदांडा आणि दिघीच्या मधली राजपुरीची खाडी. बागमांडला आणि वेसवीच्या मधली सावित्रीची बाणकोट खाडी. दाभोळ आणि धोपाव्याच्या मधली वाशिष्ठीची खाडी. आणि तवसाळ-जयगडच्या मधली शास्त्री नदीची. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. पण ते पूल वाहतुकीला खुले होईपर्यंत या चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची. लोक तिला जंगल जेटी म्हणतात.

बोटीतला वेळ थोडाच असतो, दहा-वीस मिनिटं. खरा वेळ जातो तो रांगेत. समोरून बोट नुकतीच सुटलेली असते, आधीच्या पंधरा गाड्या उभ्या असतात, त्यात एखादा टेम्पो. मी दर खाडीला दीड तास धरतो. लवकर झालं तर धक्क्यावर वडापाव खातो. या हिशेबानं वरच्या यादीतल्या चार खाड्यांचे सहा तास होतात, म्हणजे तीन दिवसांतला जवळपास एक दिवस.

एकदा हा हिशेब मीच विसरलो होतो. गुहागरहून दापोलीकडे परतताना संध्याकाळी वेळणेश्वरला जरा जास्तच रेंगाळलो आणि धोपाव्याला पोचलो तर शेवटची बोट गेलेली. वेळ मी कुणाच्या तरी दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून धरली होती, चौकशी केलीच नव्हती. पलीकडे दाभोळचे दिवे दिसत होते, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतके जवळ. खोलीचे पैसे पलीकडे भरलेले, म्हणून हट्टानं चिपळूण-खेडवरून वळसा घातला. शंभराहून जास्त किलोमीटर, वळणांचा रस्ता, मागच्या सीटवर आई. दापोलीत शिरलो तेव्हा दीड वाजला होता. तुमच्यावर अशी वेळ आली तर वळसा घालू नका. अलीकडच्याच गावात खोली बघा आणि सकाळची पहिली बोट धरा. बुडालेलं भाडं परवडतं. आणि निघण्याआधी त्याच दिवशी धक्क्यावर फोन करून शेवटच्या फेरीची वेळ विचारा. ती हंगामाप्रमाणे बदलते.

या खाड्यांनी किनाऱ्याचे आपोआप तुकडे पाडले आहेत, आणि निवडीचं काम त्यांनीच सोपं केलं आहे. दोन रात्रींच्या सहलीला एक तुकडा पुरतो. फार तर एक खाडी ओलांडा, तीही दिवसाउजेडी.

पहिला तुकडा अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूडचा. तो मुंबईकरांचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीत गाडी घालून नेता येते, त्यामुळे पनवेल-पेणचा रस्ता टळतो. राजपुरीच्या खाडीखाली दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डोळे झाकून हेच सांगतो, कारण ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून थेट पोचता येतं, एकही बोट लागत नाही. बाणकोटच्या खाली वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, कर्दे, लाडघर. दाभोळ खाडीच्या खाली गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. हा तुकडा सगळ्यात शांत आणि माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे माझ्या सल्ल्यावर थोडा कमी विश्वास ठेवा. जयगडच्या खाली मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस. तिथून दक्षिणेला मालवणपर्यंत मोठ्या खाड्यांवर पूल आहेत. अंतर जास्त असलं तरी बोटीची वाट बघावी लागत नाही.

गाव आधी ठरवलं, घाट नंतर आठवला

कुठल्या घाटानं उतरणार हे आधी ठरलं की अर्धी गावं आपोआप गळतात. ताम्हिणीनं उतरलात तर रायगड. कराडहून कुंभार्लीनं उतरलात तर चिपळूण आणि पुढे गुहागर. कोल्हापूरहून आंब्यानं उतरलात तर रत्नागिरी. कोल्हापूरची माणसं दिवेआगरला जायचं म्हणतात तेव्हा मला नवल वाटतं. त्यांच्या पायाशी मालवण-देवगड असताना एवढी वाकडी वाट कशाला? दापोलीसाठी नकाशा भोरवरून वरंधा घाट सुचवतो. रस्ता देखणा आहे, पण अरुंद आहे, आणि पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा बंद ठेवतात. चालू आहे याची खात्री नसेल तर ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडीच्या बोगद्यातून खेड असं या.

मुरूड कुठलं?

मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीजवळचं, हर्णै-कर्द्याच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं गाव. दोन्हीकडे पुळण म्हणजे वाळूचा किनारा, दोन्हीकडे नारळी-पोफळी, दोन्हीकडे घरगुती राहण्याची सोय. "मुरूड बीचजवळ" असं वाचून खोली ठरवलेली आणि जंजिरा बघायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. वेळासचंही तसंच. कासवांचं आणि नाना फडणवीसांचं वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ. दिवेआगरजवळ आहे ते वेगळं. पैसे भरण्याआधी तालुका विचारा.

भरती-ओहोटी बघितलीच नाही

किनाऱ्यावरची काही ठिकाणं घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण वेळ चुकली तर किनाऱ्यावरून फोटो काढायचा आणि परतायचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट कड्याच्या पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. ती फक्त ओहोटीला करायची. भरतीच्या वेळी तिथे लाटेनं माणसं ओढून नेली आहेत. याउलट हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद भेगेत, पाणी उसळताना बघायचं तर भरतीच हवी, आणि तीही लांब उभं राहून.

इथे कालनिर्णय आणि पाऊणकी कामाला येते. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्यापासून सहा-सव्वासहा तासांवर, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ मोबाईलवर किंवा कोळ्यांकडून पक्की करा. पण घरबसल्या गावांचा क्रम लावायला एवढं पुरतं.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढंच मागेही हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. कुलाब्याला चालत जायचं म्हणून अष्टमीच्या दुपारी पोचलात तर ओहोटी असूनही गुडघाभर पाणी लागू शकतं. द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. ओहोटी साडेसात-आठच्या सुमाराला असते, पाणी बऱ्यापैकी मागे गेलेलं असतं आणि ऊनही चढलेलं नसतं. किल्ल्यात शिरलात की परतीच्या वेळेवर लक्ष ठेवा, गणपतीच्या देवळात गारव्याला बसलात की तासभर सहज जातो.

पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनाही हेच सांगणं. बऱ्याच किनाऱ्यांवर त्याला बंदी आहेच. तरी गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं आणखी खोल जातात. टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकापुढची वाळू उकरा, आणि आधी बघा की पाणी येतंय की जातंय. येत असेल तर लाज सोडून गावात ट्रॅक्टर शोधा.

तीन दिवस, तीन पुळणी

दिवेआगरचा समुद्र बघितला, मुलं डुंबली. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनचा समुद्र. तिसऱ्या दिवशी आणखी एक पुळण, आणि मुलं गाडीतून उतरतच नाहीत. गावं निवडताना डुंबायला एकच जागा ठेवा, बाकी दोन वेगळ्या प्रकारची. दापोलीकडे गेलात तर डुंबायला कर्दे, देवळासाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्ण्यात माशांचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग. कुणाला लेण्यांची आवड असेल तर पन्हाळेकाजी. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला सुंदर असला तरी पोहायला धोक्याचा आहे. तिथे पाय भिजवा, डुंबायला दुसरीकडे जा. अंगारकी-संकष्टीला तिथे फक्त दर्शनाची इच्छा असेल तरच जा.

रत्नागिरीवर तर लोक अन्यायच करतात. पेट्रोल भरायचं, आंबा पोळी घ्यायची आणि पुढे. अहो, लोकमान्य टिळकांचं जन्मघर इथे आहे, 1931 साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर इथे आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलं. त्याच्यासाठी 1910 साली राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. समुद्राला पाय न लावता इथे एक दिवस सहज जातो.

हंगाम विसरला

पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या बोटी बंद असतात, मालवणचं स्कूबाही बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे "ताजा सुरमई" अशी पाटी जुलैत दिसली तर तो कुठला ते मला विचारू नका. त्या दिवसांत निघालात तर किल्ले आणि मासे सोडून द्या. धबधबे, देवळं आणि कोकणातला पाऊस यांसाठी जा. वेळासची कासवाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्रात सोडतात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. घरट्यातून त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणून तिथे मुक्काम करूनच जा, वाटेवरचं गाव म्हणून नको.

रोज नवी खोली

रोज सामान बांधा, सोडा, दुपारी बाराला खोली मिळेपर्यंत गाडीत बसा. त्यापेक्षा एका गावी दोन रात्री राहा आणि आजूबाजूची गावं तिथून करा. घरगुती खाणावळीत आयत्या वेळी गेलात तर वरणभातही मिळेल याची खात्री नाही. दुपारचं जेवण सकाळी नाष्ट्यालाच सांगून ठेवा, किती ताटं, मासे कोण खाणार, सोलकढी की ताक. मोदक हवे असतील तर आदल्या रात्री. देवस्थानांच्या गावांत बऱ्याच घरांत शाकाहारीच मिळतं, हे खोली घेतानाच विचारा. पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरून घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. धक्क्यावर रेंज नसली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागतात.

शुक्रवारी निघायलाच दुपार झाली तर हट्टानं सगळं बसवू नका. सर्वात लांबचं गाव तिथल्या तिथे खोडून टाका. रविवारी श्रीवर्धनहून बारापर्यंत निघालात तर ताम्हिणी उजेडात चढता येते. माणगावच्या बाजारपेठेत सुट्टीच्या संध्याकाळी गाड्या इंचाइंचानं सरकतात, म्हणून चहाला थांबायचं ते माणगाव मागे पडल्यावरच.