दहावा माणूस कसा जमवायचा

आमच्या गावच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराची, व्यवस्था माझ्याकडे आली तेव्हा हातात चाव्यांचा जुडगा पडला, माणसं मात्र नव्हती. 1948 नंतर कोकणातली बेने इस्रायल, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची, घरं एकेक करून इस्रायलला गेली, काही मुंबई-ठाण्याला. कुठल्या लहान गावात अशी जबाबदारी तुमच्यावर आली, तर मी चुकतमाकत जे शिकलो ते सांगतो.

पहिलं काम मिनियानचं, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायचं. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष नसतील तर कद्दिश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणता येत नाही, सेफर तोरा (चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचता येत नाही. पहिल्या वर्षी मी शुक्रवारी दुपारी फोन फिरवले आणि दहा जणांनी 'येतो' म्हटलं. शनिवारी आले नऊ. बापाच्या वर्षाला मुद्दाम मुंबईहून आलेला मुलगा कद्दिश न म्हणताच परत गेला. तेव्हापासून फोन बुधवारी करायचा आणि बारा जणांचा होकार घेतल्याशिवाय थांबायचं नाही. बाहेरगावच्यांना शुक्रवारी दुपारीच बोलवायचं, कारण शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विसावा, लागल्यावर प्रवास नाही. मुक्कामाला दोन खोल्या, पंखे चालू स्थितीत. उशा विसरू नका, त्यावरून माणसं पुढच्या वेळी यायची थांबतात.

दुसरं, प्रत्येकाला काहीतरी काम द्या. दिव्याचं काम मी एका कॉलेजच्या पोराला दिलं. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर दोन बोटं खोबरेल, त्यात वात. जानेवारीत खोबरेल गोठतं, म्हणून बाटली दुपारी उन्हात ठेवावी लागते. सूर्यास्ताआधी सगळे पेले लागलेच पाहिजेत, मागाहून हात लावायचा नाही. आपले पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, आपल्याला गावाने 'शनिवार तेली' म्हटलं ते उगाच नाही, असं मी त्याला सांगितलं. आता तो तेल मला हात लावू देत नाही. किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला लागणारं, शरबत दुसऱ्या घराकडे : काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून.

हेखालकडे, म्हणजे सेफर तोरा ठेवायच्या कपाटाकडे, मी स्वतः बघतो. पावसाळ्यात ऊन पडलं की दार उघडून हवा लागू द्या, पण चर्मपत्राला बोट लावू नका. एका अक्षराची शाई उडाली तरी, सोफेर (सेफर लिहिणारा लेखनिक) दुरुस्त करेपर्यंत, ती सेफर वाचनाला चालत नाही.

इमारतीच्या रंगरंगोटीवर मात्र फार पैसे घालवू नका. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याआधी कितीतरी पिढ्या आपल्या लोकांनी शमा ही प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि फक्त खवल्यांची मासळी खाणं एवढ्यावर घराघरातच धर्म टिकवला होता.

खरी गर्दी होते मलिद्याला, म्हणजे नवस फेडायच्या गोड पोह्यांच्या प्रसादाला. शब्बाथ सुटल्यावर, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. नवस फेडणारं एखादं घर शोधा, बाकी बायका बघून घेतात आणि मधे बोललेलं त्यांना खपत नाही. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. वर पाच फळं, बाजूला सब्जा नाहीतर गुलाब. प्रत्येकाची बराखा (आशीर्वचन) वेगळी, म्हणून ती पोरांकडून म्हणवून घ्या, चुकली तरी.

मलिदा जरा जास्तच करा. जो आला नाही त्याच्या घरी स्टीलच्या डब्यात पाठवा, प्लास्टिकच्या नको. स्टीलचा डबा परत करायला माणूस येतोच. दारातच त्याला पुढच्या शनिवारचं विचारून घ्या.